बीथोव्हेनची नववी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) कुठे ७४ मिनिटांची, कुठे ६२ ची, असं का?

स्वर तेच, पानंही तितकीच. फरक मुख्यतः लयीचा. बीथोव्हेनने पहिल्या आठ सिंफन्यांचे मेट्रोनोमचे (लय मोजायच्या यंत्राचे) आकडे १८१७ मध्ये छापले, नवव्याचे १८२६ मध्ये दिले. पण ते इतके जलद आहेत की पुढच्या कित्येक कंडक्टरांनी, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्यांनी, ते सरळ बाजूला ठेवले. कुणी म्हणतं बीथोव्हेनचं मेट्रोनोमच बिघडलेलं होतं. मला ही पळवाट वाटते.

जर्मन कंडक्टर फुर्टवेंग्लरचं १९५१ चं जर्मनीतल्या बायरॉइटमधलं रेकॉर्डिंग सुमारे ७४ मिनिटांचं. त्यातला तिसरा भाग ऐका, काळ थांबल्यासारखा वाटतो. १९८७ मध्ये ब्रिटिश कंडक्टर रॉजर नॉरिंग्टन यांनी जुन्या धाटणीची वाद्यं, लहान वाद्यवृंद घेऊन ते आकडे जवळपास पाळले आणि सिंफनी ६२ मिनिटांच्या आसपास आटोपली! आतड्याच्या तारांचा आवाज कोरडा, स्पष्ट; स्वराला कंप जवळजवळ नाही. त्यामुळे पितळी वाद्यं आणि नगारे एकदम पुढे येतात. तोच तिसरा भाग इथे चक्क चालू लागतो.

पहिल्यांदाच ऐकत असाल तर मी कंडक्टर कारायानचं १९६२ चं रेकॉर्डिंग सुचवेन. फुर्टवेंग्लर नंतर, रात्री, निवांत.