डोलकाठीवरचं ऊन आणि नऊ तोळ्यांचं व्याज

मुलुंडच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४७, हातात येणारा पगार १,३५,००० रुपये, घरखर्च महिना ८५,०००, फ्लॅटचं कर्ज फिटलेलं, मुलगी दहावीत. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी चौदा फुटांची जुनी शिडाची होडी घेतली. आता एप्रिलपासून दीड वर्षासाठी कंपनी त्यांना जामनगरला पाठवते आहे. होडीला यार्डात छप्पर आहे, पण शीड ज्यावर चढतं ती कार्बन फायबरची डोलकाठी उघड्यावर राहणार आणि उन्हाने ती खराब होईल, ही त्यांची काळजी. दोन पर्याय पुढे आहेत: बंद शेडमध्ये रॅक, महिना २,५०० रुपये, किंवा बाहेरून मागवलेलं मापाचं कव्हर, ३८,००० रुपये. ‘कुठला घेऊ?’ एवढाच प्रश्न. पण पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत. ‘होडीसाठी मिसेसच्या दागिन्यांवर तीन लाख काढले होते, ते दर वर्षी रिन्यू करतो. सोनं एवढं वाढलंय की त्याचं टेन्शन नाही.’

मला मात्र टेन्शन आलं.

आधी डोलकाठीचं सांगतो. रॅक दीड वर्षाला ४५,००० आणि कव्हर ३८,०००. दोन्ही नको. कार्बनच्या धाग्याला उन्हाचं फारसं काही होत नाही. ऊन खातं ते त्या धाग्यांना बांधून ठेवणाऱ्या इपॉक्सीला. ते आधी पिवळं पडतं, मग हाताला खडूसारखी पूड लागते. वरचा रंगाचा किंवा क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, थर शाबूत असेल तोवर आतलं इपॉक्सी वाचतं. म्हणजे डोलकाठीला सावली मिळाली की काम झालं, आणि मुंबईत सावली इतकी महाग नाही. ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराकडून पांढऱ्या किंवा चंदेरी जाड कापडाची लांब पिशवी शिवून घ्या. सहा-आठ हजारांत व्हायला हवी. दोन्ही टोकं थोडी उघडी ठेवा म्हणजे वारा खेळेल. काळं प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, पावसाळ्यात आत घाम धरतो आणि जिथे कार्बनला अॅल्युमिनियमचे भाग जोडलेत तिथे ओल आणि मीठ मिळून धातू खातात. त्यामुळे गुंडाळण्याआधी गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, सगळे दोर काढून घरी न्या. उन्हात डोलकाठीच्या आधी दोर आणि प्लास्टिकच्या पुल्या जातात. खाली तीन ठिकाणी मऊ टेकू द्या, नाहीतर मधे झोल येतो. तुमची डोलकाठी दोन तुकड्यांची असेल तर प्रश्नच मिटला, सोसायटीची लेखी परवानगी घेऊन स्वतःच्या छप्पर असलेल्या पार्किंगच्या भिंतीला टांगा. वरळी-वेसाव्याचे कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, त्यात आयात केलेलं काहीच नसतं.

आता दागिने. तुम्ही लिहिलंय की व्याज १२ टक्के आहे आणि दर वर्षी व्याज न भरता ते नव्या कर्जात मिळवून घेता. सोन्याचा भाव चढत गेला म्हणून कर्ज देणाऱ्याने ते चारही वेळा आनंदाने करू दिलं. आकडे बघा. ३ लाखांचे एका वर्षात ३.३६ झाले, मग ३.७६, मग ४.२१, आणि गेल्या नोव्हेंबरमध्ये ४.७२ लाख. एक रुपयाही परत गेलेला नाही. यंदाचं व्याज साधारण ५७,०००, म्हणजे महिना ४,७००. रॅकच्या २,५०० भाड्यावर तुम्ही एवढा विचार केलात, आणि त्याच्या जवळपास दुप्पट रक्कम दर महिन्याला चढते आहे. बारा टक्क्यांनी कर्ज सहा वर्षांत दुप्पट होतं. असंच चालू राहिलं तर मुलगी एकवीस वर्षांची होईल तेव्हा हा आकडा साडेनऊ लाखांच्या घरात असेल.

‘सोनं वाढलंय’ हे खरं आहे. २०२१ मध्ये त्या नऊ तोळ्यांचे चार लाख होत होते, आज त्याच्या दुपटीहून जास्त होतील. लिलावाची भीती आज नाही, हेही मान्य. पण ते सोनं लॉकरमध्ये असतं तरी तेवढंच वाढलं असतं. वाढ दागिन्यांची आहे, कर्जाची नाही. ही वाढ वहिनींची, आणि तुम्ही ती दर नोव्हेंबरला थोडी थोडी गहाण टाकताय. ‘गहाण आहे हे तिला माहीत आहे, आकडा माहीत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. आकडा आजच सांगा. दागिने त्यांचे आहेत. ते कधी आणि कसे सोडवायचे, हे ठरवताना त्या समोर बसलेल्या हव्यात.

मग मी शोधलं की एवढ्या पगारात हे कर्ज फिटत का नाही. उत्तराचा एक भाग पत्रातल्या तुमच्याच खर्चाच्या यादीत सापडला. २०२३ पासून बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने दिलेली पॉलिसी: वर्षाला दीड लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ‘गॅरंटीड दुप्पट’, तीस लाख. हे ‘दुप्पट’ ऐकलं की माझा संयम सुटतो. तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून राहणार. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. बँकेची साधी एफडी कर कापूनही तुमच्या हातात पाचच्या आसपास देते. वर ‘टॅक्स वाचतो’ असंही सांगितलं गेलं. तुम्ही नव्या करप्रणालीत आहात, तिथे विम्याच्या हप्त्यावर वजावटच मिळत नाही. ज्याने हे विकलं त्याने तुमचा फॉर्म १६, म्हणजे पगारावरच्या कराचा दाखला, एकदा तरी बघायला हवा होता.

म्हणजे चित्र असं आहे. दर मार्चमध्ये दीड लाख साडेचार टक्क्यांवर ठेवायचे आणि त्याच दीड लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी चालू ठेवायचं. एकीकडे पावणेसात हजार मिळणार, दुसरीकडे अठरा हजार जाणार. प्रत्येक हप्त्यामागे वर्षाला अकरा हजारांचं नुकसान. तीन हप्ते असेच गेले.

चौथा भरू नका. पॉलिसी सरळ मोडली तर आत्ता बरंच कापून घेतील, त्यामुळे कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली, म्हणजे कमी रकमेवर तशीच चालू ठेवली, तर विसाव्या वर्षी किती. माझा कल पेड-अपकडे आहे, पण आकडे बघितल्याशिवाय शब्द देणार नाही.

दागिने सोडवण्याचे पैसे तुमच्याकडे आहेत. चार लाखांच्या एफडीतले दोन, वाचलेला दीड लाखाचा हप्ता, आणि एप्रिलमध्ये अपेक्षित असलेला १,२०,००० चा बोनस. झाले ४.७० लाख, वरचे चढलेल्या व्याजाचे वीस-बावीस हजार पगारातून. साडेतीन लाख मार्चमध्येच भरा, बोनसची वाट बघत सगळं अडवून ठेवू नका. काही दागिने तेव्हाच सोडवून मिळतात का, तेही विचारा. एफडीला ‘इमर्जन्सीची’ म्हणून हात लावायचा नाही असं तुम्ही म्हणता, एरवी मीही तेच म्हणतो. पण सुटलेलं सोनं हीसुद्धा अडचणीला उभी राहणारी वस्तू आहे, त्यावर तासाभरात पैसे मिळतात. गहाण असलेल्यावर दुसऱ्यांदा तेवढे मिळत नाहीत. बोनस बुडाला तर एखादी बांगडी मोडण्याचा विचार वहिनींसोबत करा, पुन्हा रिन्यू मात्र नाही.

त्या पॉलिसीत विमा आहे पंधरा लाखांचा. तुमच्या घराचा वर्षाचा खर्चच दहा लाखांवर आहे, म्हणजे तुमच्यानंतर दीड वर्ष. जामनगरला जाण्याआधी एक कोटीचा साधा टर्म विमा (मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, पासष्टाव्या वर्षापर्यंतचा. तब्येत ठीक असेल तर वर्षाला तीस-पस्तीस हजारांच्या आसपास पडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

आणि होडी. ‘दोन वर्षांत पाच लाखांना सहज जाईल’ हे डोक्यातून काढा. मुंबईत अशी होडी घेणारे मोजके, आणि तेही जुनी होडी घासाघीस करूनच घेतात. मी हिशेबात दोन लाख धरतो. तरी विका असं म्हणणार नाही. रविवारी सकाळी गेटवेसमोर शीड वाऱ्याने भरतं तेव्हा काय वाटतं ते तुम्ही अर्ध्या पानावर लिहिलंय, ते मी दोनदा वाचलं. गणपतीपर्यंत दागिने घरी आले तर होडी ठेवा. नाही आले तर ऑक्टोबरमध्ये, हंगाम उघडताना विका. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, कोणी भाव देणार नाही.

पॉलिसीचा हप्ता १७ मार्चला आहे. त्यानंतर महिन्याची सवलत असते, पण बँकेतून तो आपोआप कापला जातो असं तुम्ही लिहिलंय. आधी ती सूचना बंद करा आणि कंपनीला ई-मेल आज रात्रीच पाठवा.