लिव्हर दुसऱ्यात, गाडी न्यूट्रलमध्ये

प्रश्न : ताई, दिवाळीच्या बोनसमधून गाडीच्या गेमसाठी लॉजिटेकचं जी-29 स्टिअरिंग आणि त्याचा वेगळा गिअर लिव्हर घेतला. एका गेममध्ये क्लच न दाबता तिसऱ्यातून दुसरा टाकला तरी निमूट पडतो. ‘असेटो कोर्सा’मध्ये तसंच केलं तर कर्र वाजतं आणि स्क्रीनवर ‘एन’, म्हणजे न्यूट्रल, येतं. माझ्या हातातला लिव्हर मात्र दुसऱ्यात गेलेला असतो! मामा वीस वर्षं ट्रक चालवायचे. ते म्हणाले, ‘दोन्ही खोटं, गिअर असा पडतच नाही.’ खरं कुठलं? आणि शर्यतीच्या गाड्यांना क्लच लागत नाही म्हणतात, ते कसं काय?
— अ. प., कासारवडवली

उत्तर : अरे-तुरे करते हं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या सगळ्यांनाच करते, मग तो बँकेचा मॅनेजर का असेना.

मामांचं बरोबर आहे, पण त्यांनी कारण सांगितलं नाही. तुझ्या त्या लिव्हरखाली गिअरबॉक्सच नाही. स्प्रिंग आहे, प्लॅस्टिकच्या खाचा आहेत, आणि लिव्हर कुठल्या खाचेत आहे हे कॉम्प्युटरला कळवायची सोय आहे. तो कधीच ‘नाही’ म्हणत नाही. खरा गिअर नाही म्हणतो, आणि ते तळहाताला कळतं.

पाचपाखाडीत मी बावीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवते. पक्का झालेला विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात घोडबंदर रोडने गायमुखच्या घाटात नेते. चढ लागला, पुढे कंटेनर, गाडी तिसऱ्यात धापा टाकायला लागली की पोरं घाबरून लिव्हर दुसऱ्यात ढकलतात. मी म्हणते, ढकलू नकोस, टेकव आणि थांब. लिव्हर टेकवला की पलीकडून कुणी बोट लावून धरल्यासारखं वाटतं, अर्धा क्षण. मग तो आपसूक आत ओढला जातो. त्या अर्ध्या क्षणात आतली पितळी सिंक्रो रिंग घासून गिअर आणि शाफ्ट यांचे फेरे जुळवत असते. जुळल्याशिवाय ती दात बसू देत नाही. आणि हे तिला जमतं ते क्लच दाबलेला असेल तरच. नाही तर त्या बिचाऱ्या रिंगेला अख्खं इंजिन ओढावं लागतं. मग कर्र.

आकडे घालून बघ. समज, एका गाडीचा तिसरा गिअर 1.4 ला एक आहे, म्हणजे चाकांकडे जाणारा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन 1.4 वेळा फिरतं, आणि दुसरा 2.0 ला एक. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर आहे. वेग तोच ठेवून दुसऱ्यात जायचं तर इंजिनला जवळजवळ 4,300 फेऱ्यांवर जावं लागेल. हा तेराशे फेऱ्यांचा फरक कुणीतरी भरून काढायला हवा. तुझा पहिला गेम तो हिशेबच करत नाही. ‘असेटो कोर्सा’ करतो. 2014 सालचा हा इटालियन गेम. त्यात प्रत्येक गाडीच्या माहितीत गिअर वर जायला किती वेळ, खाली यायला किती, आणि क्लचशिवाय टाकायचा तर फेऱ्या कितपत जुळलेल्या हव्यात, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. जुळलं नाही तर तो गिअर घेत नाही. तुझा हात तर त्याला अडवता येत नाही, म्हणून तो बिचारा स्क्रीनवर ‘एन’ दाखवतो. माझ्या मते हाच जास्त खरा. लिव्हर एकीकडे आणि गाडी दुसरीकडे हे विचित्र दिसतं खरं, पण दोष हातातल्या खेळण्याचा आहे, गेमचा नाही. तसं झालं की लिव्हर परत न्यूट्रलला आण, क्लच पूर्ण दाब, पुन्हा टाक. खऱ्या गाडीतही हेच करशील.

आता मामांना विचार, ‘डबल क्लच कसा मारायचात?’ बघ चेहरा खुलतो की नाही. जुन्या ट्रकच्या, बसच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नसायचा. म्हणून क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, न्यूट्रलमध्येच रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. मधे क्लच सोडणं महत्त्वाचं. तेव्हाच इंजिन गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टला फिरवतं.

इथे गेमवाली मंडळी हमखास गफलत करतात. क्लच दाबलेला असताना नुसती रेस मारली की गिअर सोपा पडतो असं त्यांना वाटतं. नाही रे बाबा. क्लच दाबलेला असताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत झालेली असते. तू कितीही रेस दे, आतल्या शाफ्टला पत्ताच नसतो. त्या रेसचा उपयोग पुढे, क्लच सोडताना. इंजिन आधीच 4,300 च्या आसपास असलं तर धक्का बसत नाही. नसलं तर चाकांनाच इंजिन खेचून वर न्यावं लागतं आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात ब्रेक दाबताना गर्रकन फिरते. टाचेने रेस आणि चवड्याने ब्रेक, ही शर्यतवाल्यांची कसरत त्यासाठीच. गेममधला ‘ऑटो ब्लिप’ हेच काम तुझ्यासाठी गुपचूप करतो.

आणि शर्यतीच्या गाड्या. त्यांच्या बॉक्समध्ये बहुतेक वेळा सिंक्रो नसतोच. मोजकेच, जाड, एकमेकांपासून लांब असे दात असतात, त्याला डॉग म्हणतात. क्षणभर भार उतरला की ते खाडकन बसतात. भार उतरवायला पाय उचलायचा, किंवा गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाची ताकद पापणी लवेपर्यंत तोडतो. जीटी3, म्हणजे रोडवरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या, यांत स्टिअरिंगमागे बोटांनी ओढून गिअर बदलायच्या पट्ट्या, म्हणजे पॅडल, असतात आणि क्लच लागतो तो जागेवरून निघायला. त्यामुळे ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ या त्याच्या पुढच्या, जीटी3वाल्या गेममध्ये क्लच न दाबता गिअर पडतात हे शंभर टक्के खरं आहे. फॉर्म्युला वनमध्ये ही पॅडल पहिल्यांदा 1989 साली फेरारीने आणली आणि त्या गाडीने पहिलीच शर्यत, ब्राझीलची, जिंकली. मॅन्सेल चालवत होता. पण दोनच वर्षांनी त्याच देशात सेन्ना हाताच्या लिव्हरवाल्या मॅक्लॅरेनने जिंकला. शेवटी शेवटी एकेक गिअर जाऊन त्याच्याकडे फक्त सहावा उरला होता. सहाव्यावर हळू वळणं काढायची म्हणजे काय, ते तुझ्या गेममध्ये एकदा करून बघ. सगळा वेळ इंजिन मरायला टेकलेलं असतं.

म्हणजे ‘क्लच हवा की नको’ हे गेमला नाही, गाडीला विचारायचं. रोडवरची गाडी निवडलीस तर लिव्हर वापर आणि ‘ऑटो क्लच’ बंद ठेव. जीटी3 निवडलीस तर लिव्हरला हात लावू नकोस, पॅडल वापर. पॅडलच्या गाडीत लिव्हर मारणं म्हणजे लोकलमध्ये चढून घोड्याला टाच मारणं.

एक गोष्ट गेममध्ये फुकट शिकता येते, ती शिकून घे. माझ्या एका विद्यार्थिनीने तीन हात नाक्यावरून हायवेला लागताना तिसऱ्यातून चौथा टाकायला लिव्हर खाली ओढला, पण ओढताना डावीकडे रेटला. चार गिअरची गाडी. डावीकडे खाली म्हणजे दुसरा. क्लच सोडताच गाडीने नाक खाली घातलं, इंजिन किंचाळलं आणि माझं कपाळ समोर जाता जाता राहिलं. सिंक्रो तिथे वाचवत नाही, उलट इमानदारीने चुकीचा गिअर बसवून देतो. तेव्हापासून मी सांगते, मूठ आवळू नका. तळहात उघडा ठेवून लिव्हर सरळ मागे घ्या, स्प्रिंग त्याला तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत ठेवते. तुझ्या लिव्हरलाही स्प्रिंग आहे. तिच्यावर विश्वास ठेव.

आणि पेडल फरशीवर ठेवलंस ना? ब्रेक दाबला की पुढे सरकत असणार. भाच्याकडेही तेच. शेवटी आम्ही ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि चाकांच्या खुर्चीऐवजी जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घेतली. वहिनीची अजून कुरकुर चालू आहे.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. तो म्हणतो, गेमवर गाडी शिकलो, क्लासचे पैसे कशाला? जीटी अकॅडमीतून लोक थेट रेसर झाले, असंही सांगतो.
— एक आई, नेरूळ

उत्तर : झाले, खोटं नाही. मार्डनबरो नावाच्या ब्रिटिश मुलाने 2011 साली ‘ग्रान टुरिस्मो’ हा गाड्यांचा गेम खेळून जीटी अकॅडमी ही स्पर्धा जिंकली. पण त्यालाही नंतर खऱ्या गाडीत बसवून शिकवावं लागलं, हे चिरंजीवांना सांगा. मुलाला रेषा, ब्रेकची जागा, कुठे कुठला गिअर, हे येत असणार, आणि ते मला शिकवावं लागणार नाही याचा आनंदच आहे. पण गेमच्या क्लच पेडलला हाफ क्लच नसतो. म्हणजे आकड्यात असतो, पायाला लागत नाही. पाम बीचवर सिग्नलला मागे रिक्षा हॉर्न मारत असताना ते कळायला लागतं.

अठरा पूर्ण झाले की लर्निंग काढा आणि वाशीत-नेरूळमध्ये जवळचा क्लास बघा. चांगला मास्तर पहिल्या दिवशी गिअर शिकवणारच नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी उभी करून, अॅक्सिलरेटरला पाय न लावता, क्लच किती सोडला की बॉनेट जरासं थरथरतं, एवढंच अर्धा तास.