वाचक विचारतात: चांदीचे ४४ अणू आणि त्यांना धरून ठेवणारं गंधक

प्रश्न: नमस्कार ताई, मी चिपळूणला एमएस्सी करतोय, केमिस्ट्री. मागच्या अंकात तुम्ही लिहिलेलं की चांदीच्या बरोब्बर ४४ अणूंचा एक क्लस्टर म्हणजे पुंजका असतो. ४४च का, ४३ किंवा ४५ का नाही? चांदीचा तुकडा बारीक बारीक करत गेलो तर शेवटी ४४चा कण मिळेल असं आहे का? आणि लिगँड म्हणजे वरचं कोटिंगच ना?

उत्तर: लिगँड म्हणजे गंधकाने चांदीला धरणारा, कार्बनचा सांगाडा असलेला रेणू. कोटिंग हा शब्द आधी डोक्यातून काढून टाका, सगळा घोळ तिथून सुरू होतो. आणि तुकडा बारीक करून ४४चा कण मिळणार नाही, कारण हा क्लस्टर म्हणजे चांदीचा छोटा तुकडाच नाही. साध्या चांदीत अणूंची एकच मांडणी सगळ्या दिशांना पुन्हा पुन्हा येत राहते, प्रत्येक अणूला १२ शेजारी. क्लस्टरच्या आतली मांडणी अशी पुन्हा पुन्हा येऊच शकत नाही, कारण तिच्यात पंचकोनी सिमेट्री असते आणि पंचकोन एकाला एक लावत गेलं की मध्ये फटी राहतात.

आता ४४ मोजूया. सगळ्यात आत १२ अणू, वीस त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या म्हणजे आयकोसाहेड्रनच्या १२ टोकांवर, आणि त्यांच्या मधोमध कोणीच नाही, जागा रिकामी. त्याच्याभोवती २० अणूंचं दुसरं कवच, ते बारा पंचकोनांच्या डोडेकाहेड्रनच्या टोकांवर. झाले ३२. उरलेले १२ अणू जोडीजोडीने बाहेर सहा ठिकाणी बसतात, वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, आणि प्रत्येक जोडीला पाच गंधक. सहा पंचे तीस, आणि इथे प्रत्येक लिगँडला एकच गंधक, म्हणून लिगँड ३०. नारळ डोळ्यासमोर आणा, मध्ये पोकळी, मग खोबरं, मग करवंटी, बाहेर सोडण. पण नारळ सोलला तरी खोबरं जागच्या जागी राहतं, इथे बाहेरचं काढलं की आतलं टिकत नाही, क्लस्टर एकमेकांना चिकटून साधी धातूची चांदी व्हायला लागते. आणि बाहेरच्या थरात चांदीचेच १२ अणू आहेत हे विसरू नका, म्हणजे धातू कुठे संपला आणि लिगँड कुठे सुरू झाला अशी रेघ ओढताच येत नाही. म्हणून मी कोटिंग म्हणत नाही.

आता ४३ का नाही. चांदीचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन देतो, ४४ झाले. प्रत्येक लिगँडचं गंधक एक अडकवून ठेवतं, ३० गेले, राहिले १४. ह्या क्लस्टरवर ४ ऋण चार्ज असतो, ते चार मिळवा, १८. हे १८ इलेक्ट्रॉन कुठल्या एका अणूचे राहत नाहीत, सगळ्या गाभ्याभर फिरतात आणि एखाद्या मोठ्या अणूच्या कक्षा भराव्यात तसे भरतात. २, ८, १८, ३४, ५८ असे आकडे आले की कक्षा पूर्ण भरते आणि गाडी स्थिर होते. अशा क्लस्टरला सुपरअ‍ॅटम म्हणतात ते यामुळे.

पण हे गणित जुळलं म्हणजे सगळं कळलं असं समजू नका, अभ्यास करणारी मुलं इथेच थांबतात आणि खरी मजा पुढे आहे. २५ चांदी आणि १८ लिगँडचा एक क्लस्टर आहे, चार्ज उणे १, म्हणजे २५ वजा १८ अधिक १, आठ. २९ चांदीचा दुसरा आहे, त्याचे १२ लिगँड दोन-दोन गंधकवाले म्हणजे गंधक २४, चार्ज उणे ३, हिशेब करा, तोही आठच. दोन्हींच्या पोटात तोच १३ अणूंचा आयकोसाहेड्रन, इथे मात्र मधोमध एक अणू आहे. दोन्ही २०१५ साली सौदीतल्या काउस्ट विद्यापीठात ओसमान बक्र यांच्या ग्रुपने दाखवले. इलेक्ट्रॉन तेवढेच, गाभा तसाच, मग एक २५चा आणि एक २९चा का? कारण लिगँड वेगळा. एकाच रेणूवर दोन गंधक ठराविक अंतरावर असले की त्यांना सामावून घ्यायला बाहेरच्या चांदीला वेगळं बसावं लागतं, शिवाय २९वाल्याच्या चार कोपऱ्यांवर फॉस्फिनचे (गंधकाऐवजी फॉस्फरसने धरणारे) चार रेणूही येऊन बसतात. क्लस्टर किती अणूंचा होणार ह्यात लिगँडचा एवढा मोठा वाटा असतो, हे मला ह्या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि क्लासमध्ये ते पुरेसं सांगितलं जात नाही.

सोनं आणि चांदीतला फरकही इथे बघायला मिळतो. सोन्याच्या क्लस्टरमधला बाहेरचा अणू सहसा दोनच गंधकं धरतो, सरळ रेषेत. चांदी तीन-तीन धरते, ४४वाल्यातल्या त्या बाहेरच्या जोड्यांमध्ये एक गंधक दोघांत सामाईक आणि बाकी दोन-दोन प्रत्येकाची. म्हणून सोन्यासारख्या रचना चांदीत क्वचितच जशाच्या तशा मिळतात, आणि २५वाला तो अपवाद आहे, सोन्याच्या २५शी अणूला अणू जुळणारा.

प्रश्न: ताई, मी गुहागरची. आमच्या गावात शिमग्याला पालखीत देवाची चांदीची रुपं लावतात, दरवर्षी आधी घासूनपुसून लख्ख करायला लागतात कारण काळी पडलेली असतात. मुलगा म्हणतो गंधकामुळे काळी पडतात. आणि तुम्ही लिहिता गंधक चांदीला सांभाळतं. नक्की खरं काय?

उत्तर: मुलाचं बरोबर आहे आणि माझंही. हवेतला हायड्रोजन सल्फाइड चांदीला लागला की सिल्वर सल्फाइड होतं, तो काळा थर. आपल्याकडे खाडीला ओहोटी लागली की खारफुटीच्या चिखलातून जो वास येतो ना, तोच हा गॅस. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं आणि चिखलात जिथे हवा पोचत नाही तिथले बॅक्टेरिया त्यापासून हा गॅस बनवतात. वर दमट हवा, म्हणून किनाऱ्यावर चांदी लवकर काळवंडते.

फरक आहे तो गंधक कुठल्या रूपात आलं त्याचा. मोकळं गंधक एकटं दोन चांदीचे अणू बांधून घेतं, पुढचं आणखी दोन, असा थर वाढतच जातो, थांबवायला काही नाही. क्लस्टरमधल्या गंधकाला मात्र एका बाजूने कार्बनचा सांगाडा जोडलेला असतो. चांदीला ते घट्टच धरतं, पण त्याच्या पाठीवरचा तो सांगाडा जागा अडवतो, त्यामुळे दुसरा क्लस्टर जवळ येऊन चिकटू शकत नाही आणि बाहेरचं काही सहज आत शिरत नाही. ओढ तीच आहे हो, चांदी आणि गंधकाची, फक्त तिला हद्द घातलेली.

रुपं घासताना चांदीच झिजते, नाकडोळे पुसट होत जातात. निव्वळ चांदीची वस्तू असेल, खडे किंवा लाखेचं भरण नसेल, तर भांड्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरून गरम पाणी आणि खायचा सोडा घाला आणि वस्तू फॉइलला टेकवून ठेवा. गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी परत चांदी होते. जुन्या रुपांवर मात्र गावकऱ्यांना आणि जाणत्या सोनाराला विचारल्याशिवाय काही करू नका, आतून पोकळ आणि भरलेली असू शकतात.

प्रश्न: मी देवगडचा, निवृत्त शिक्षक. दोन-तीन नॅनोमीटरच्या वस्तूतले अणू मोजले कोणी आणि कसे?

उत्तर: सर, दोन वाटांनी. पहिली वजनाची, मास स्पेक्ट्रोमीटरवर. चांदीचे निसर्गात दोन आयसोटोप म्हणजे वेगळ्या वजनाचे अणू आहेत, १०७ आणि १०९, जवळपास निम्मे निम्मे. त्यामुळे ४४ चांदीवाल्या क्लस्टरचं वजन एका ठिकाणी एक रेघ असं दिसत नाही, रेघांचा एक रुंद डोंगर दिसतो, आणि तो किती रुंद, रेघा किती अंतरावर ह्यावरून अणूंची संख्या आणि चार्ज दोन्ही ताडून बघता येतात. सोन्याचा स्थिर आयसोटोप एकच, १९७, तिथे ही सोय नाही.

दुसरी वाट स्फटिकाची. सगळे क्लस्टर तंतोतंत सारखे असले तर ते ओळीत लागून स्फटिक होतात, त्यावर एक्स-रे सोडले की प्रत्येक अणूची जागा काढता येते. ४४ची रचना २०१३ साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या टेरी बिगिओनी यांच्या आणि चीनमध्ये शियामेनच्या नानफेंग झेंग यांच्या ग्रुपने वेगवेगळी प्रसिद्ध केली. झेंग यांनी सोबत १२ सोनं आणि ३२ चांदीवालं भावंडंही दिलं, त्यात सोनं बरोबर आतल्या १२ जागांवर जाऊन बसलं होतं, एकही बाहेर नाही. आपल्याकडे आयआयटी मद्रासला टी. प्रदीप यांचा ग्रुप ह्यात मोठं काम करतो. त्यांनी सोन्याचा २५ आणि चांदीचा २५ एकाच द्रावणात मिसळले तर ते एकमेकांशी अणूंची अदलाबदल करायला लागले, आणि एवढं होऊनही प्रत्येकात एकूण अणू २५च आणि रचना तीच. मला तर ही बातमी स्फटिकापेक्षाही भारी वाटते.

प्रश्न: मी दापोलीची, बारावी सायन्स. शाळेच्या प्रदर्शनात ४४चं मॉडेल करायचंय, जमेल का?

उत्तर: ४४ नको गं, आतलं काही दिसणार नाही, २५ कर. थर्माकोलचे २५ चंदेरी गोळे आणि गंधकाचे १८ पिवळे. एक चंदेरी मध्ये, त्याच्याभोवती १२. मग सहा पट्ट्या कर, प्रत्येकीत पिवळा, चंदेरी, पिवळा, चंदेरी, पिवळा अशी ओळ. प्रत्येक पट्टीची दोन्ही टोकं गाभ्यावरच्या दोन वेगळ्या गोळ्यांना टेकव, सहा पट्ट्यांची १२ टोकं आणि बाहेरचे गोळेही १२, प्रत्येकाला एकच टोक मिळालं पाहिजे, तसं नसेल तर कुठेतरी चुकलंय. गोळे जोडायच्या काड्या कापताना एक लक्षात ठेव, आयकोसाहेड्रनमध्ये केंद्रापासून टोकाचं अंतर शेजारच्या दोन टोकांमधल्या अंतरापेक्षा साधारण ५ टक्के कमी असतं, म्हणून बाहेरच्या काड्या १० सेंटिमीटर घेतल्यास तर मधल्या साडेनऊच्या घे, नाहीतर शेवटची काडी बसणारच नाही.