ट्रॅडोस ही कंपनी कशी उभी राहिली? गूगल ट्रान्सलेट फुकट असताना मराठी अनुवादकाने हे सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

प्रश्नातच एक गफलत आहे, ती आधी काढतो. ट्रॅडोस मुळात भाषांतर करणारं यंत्र नाही. तुम्ही केलेलं वाक्य मूळ वाक्याशी जोडून ते साठवतं आणि तेच किंवा जवळपास तसंच वाक्य पुन्हा आलं की जुना अनुवाद समोर ठेवतं. या साठ्याला धंद्यात नुसतं टीएम म्हणतात, म्हणजे ट्रान्सलेशन मेमरी. मशीन ट्रान्सलेशन हल्ली त्याला जोडता येतं, पण तो वेगळा भाग. 'गूगलसारखंच ना ते?' हे ऐकून कान किटलेत, म्हणून उत्तर लांबणार.

१९८४मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला योखेन हुमेल आणि इको क्निपहाउझेन यांनी ही कंपनी काढली ती भाषांतराची कामं घेण्यासाठी. सॉफ्टवेअर नंतर आलं. तांत्रिक पुस्तिकांची नवी आवृत्ती आली की निम्मा मजकूर जुनाच असतो, आणि तो पुन्हा टंकत बसणं कोणालाच परवडत नाही. जुनी भाषांतरं साठवून शोधायची कल्पना त्यांची नव्हे. युरोपीय समुदायाच्या मंत्रिपरिषदेतले पीटर आर्थर्न यांनी ती १९७०च्या दशकाच्या अखेरीसच मांडली होती. ट्रॅडोसने ती विकाऊ केली. विंडोजवर १९९२मध्ये परिभाषेसाठी मल्टिटर्म आलं, १९९४मध्ये टीएमसाठी ट्रान्सलेटर्स वर्कबेंच. १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या कामासाठी ट्रॅडोस घेतलं आणि मग ग्राहकांची कामं घेऊन अनुवादकांना वाटणाऱ्या भाषांतर एजन्स्यांनाही पर्याय उरला नाही.

त्या काळी काम थेट वर्डमध्ये चालायचं. प्रत्येक वाक्याभोवती महिरपी कंस, शून्य आणि बाणाच्या खुणा पडायच्या. मधोमध जुळणीची टक्केवारी, म्हणजे टीएममधल्या वाक्याशी नवं वाक्य किती जुळतं तो आकडा, आणि मूळ वाक्य लपवलेल्या अक्षरांत तिथेच. शेवटी 'क्लीन अप' केलं की खुणा आणि मूळ मजकूर जाऊन अनुवाद उरायचा. बॅकस्पेस मारताना एखादा कंस जरी उडाला, तरी ते वाक्य साफ होत नसे आणि ग्राहकाच्या हाती कंसांसकट इंग्रजी-मराठी खिचडी पडे. २००९च्या स्टुडिओ आवृत्तीने स्वतःचा दोन रकान्यांचा एडिटर दिला आणि ही कटकट संपली.

मधल्या काळात, २००५मध्ये, ब्रिटनच्या एसडीएलने ट्रॅडोस सुमारे ६ कोटी डॉलरना घेतलं. एसडीएल स्वतः भाषांतराची कामं घेणारी. म्हणजे बाकीच्या एजन्स्या आपल्याच प्रतिस्पर्ध्याला लायसन्सचे पैसे देऊ लागल्या. ओरड झाली, पण सोडून गेले थोडेच, कारण तोवर सगळ्यांच्या टीएम ट्रॅडोसमध्येच होत्या. २०२०मध्ये एसडीएलला आरडब्ल्यूएसने घेतलं. ही मूळची पेटंटांची भाषांतरं करणारी, १९५८पासूनची कंपनी.

आता टक्केवारीचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. जुळणीचा आकडा अनुवादकाला मदत म्हणून होता, एजन्स्यांनी त्याचं दरपत्रक केलं. समजा हजार शब्दांची फाइल आहे. ४०० नवे, ३०० शब्द ७५ ते ९४ टक्के जुळणारे, ३०० पूर्ण जुळणारे. नव्यांना पूर्ण दर, मधल्यांना ६० टक्के, पूर्ण जुळणाऱ्यांना २५ टक्के असं कोष्टक असेल, तर तुम्हाला ६५५ शब्दांचे पैसे मिळतात. हे कोष्टक इंग्रजी-जर्मनसारख्या जोड्यांना कदाचित चालत असेल. मराठीत बघा: 'द फिल्टर हॅज बीन रिप्लेस्ड' या वाक्यात फिल्टरच्या जागी बॅटरी आली, तर पाचातला एक शब्द बदलला आणि जुळणी ऐंशीच्या आसपास दिसते. मराठीत 'फिल्टर बदलला आहे' याचं 'बॅटरी बदलली आहे' होतं, कर्त्यासोबत क्रियापदही बदलतं. एका शब्दाच्या बदलासाठी अख्खं वाक्य वाचावं लागतं, आणि घाईत 'बॅटरी बदलला' राहून जातं. 'शंभर टक्केवाली वाक्यं बघू नका, पैसे नाहीत' म्हणणारे प्रोजेक्ट मॅनेजरच पुढे त्याच वाक्यांतल्या चुकांचा जाब विचारतात. माझं सरळ मत: बघायला सांगत असाल तर पैसे द्या, देत नसाल तर ती वाक्यं लॉक करून पाठवा.

मराठीच्या खास अडचणी कंपनीच्या मदतपानावर सापडत नाहीत. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकला जातो. एका कीबोर्डावर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि 'य'. दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त, न दिसणारी जोडखूण आणि 'य'. पडद्यावर अगदी सारखं, पण सॉफ्टवेअरसाठी दोन वेगळे शब्द. मग कॉन्कॉर्डन्समध्ये, म्हणजे टीएममध्ये शब्द शोधायच्या सोयीत, शोधलेलं सापडत नाही आणि परिभाषा तपासणी खोट्या चुका दाखवते. एकच तऱ्हा ठरवा, टीएम टीएमएक्समध्ये (अशी सगळी सॉफ्टवेअरं वाचू शकतात त्या फाइलीत) काढून सगळीकडे बदलून घ्या. मूळ मजकूर मराठी असेल तर 'डॉ.', 'क्र.', 'रु.' यांच्या पूर्णविरामावर वाक्य तुटतं. फाइल उघडण्याआधी टीएमच्या संक्षेपांच्या यादीत ते घाला. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांतला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय टीएममध्ये टाकूच नका, ती कायमची नासते.

विकत घ्यावं का? एजन्सीकडून पुस्तिका, करार, सॉफ्टवेअरचा मजकूर असं काम येत असेल तर हो. कथा-कादंबऱ्या करणार असाल तर अजिबात नको, तिथे वाक्यं पुन्हा येतच नाहीत. डेस्कटॉप आवृत्ती फक्त विंडोजवर चालते, मॅकवाल्यांनी आधी तो विचार करावा. नुसतं शिकायचं असेल तर ओमेगाटी हे तसंच सॉफ्टवेअर फुकट आहे, टीएमएक्स तेही वाचतं. आणि एजन्सीचं पॅकेज, म्हणजे कामाच्या फाइलींचा एकत्र गठ्ठा, उघडलंत की काम सुरू करण्याआधी प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये स्वतःची टीएम जोडून 'अपडेट'वर खूण करा. नाहीतर फाइल परत गेली की तुमची वाक्यं त्यांच्याच साठ्यात जातात, आणि पुढच्या कामात तीच तुम्हाला २५ टक्के दराने तपासायला येतात.