वाडीतले तंबू

प्रश्न : काका, 2008 साली दिवेआगरला तुमच्या वाडीत तंबूत राहिलो होतो. यंदा गेलो तर ती गर्द सावली दिसली नाही. तिचं काय झालं? तंबू किनाऱ्यापासून इतके आत का? आणि हे सगळं सुरू तरी कसं झालं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सुरुवात तंबूंनी नाही, जेवणाने झाली. नोव्हेंबर 1997 मध्ये गावात सोन्याचा गणपती सापडला आणि दर्शनाला गाड्या लागल्या. कुणीतरी आमच्या ओटीवर टेकलं, जेवायला मिळेल का विचारलं. आईने भात नि वालाचं बिरडं वाढलं. पुढच्या वर्षी माणसं पडवीत झोपू लागली, आणि पडवी पुरेना तेव्हा वडिलांनी मुंबईहून दोन जुने तंबू आणले. पहिल्याच रात्री वाऱ्याने खुंट्या उपटल्या. वाळूत वीतभर खुंटी टिकत नाही. तेव्हापासून आम्ही गोणीत वाळू भरतो, दोर तिला बांधतो आणि गोणी हातभर खोल पुरतो.

आत असण्याचं म्हणाल, तर 1991 च्या किनारा नियमांनी गावांकडे भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम रोखलं. तंबू उचलता येतो हो, संडास-न्हाणीघर कसं उचलणार? ते जिथे, तिथेच तंबू. शिवाय मधल्या सुरूच्या झाडांमुळे खारा वारा अडतो. लाटा दिसत नाहीत, रात्री ऐकू येतात. मला तेच बरं वाटतं.

सावली गेली 3 जून 2020 ला. निसर्ग वादळात आजोबांनी लावलेल्या पोफळी दुपारच्या दोन-तीन तासांत आडव्या झाल्या. काही मधोमध मोडल्या, काही मुळासकट उपटल्या. घराची कौलंही उडाली. टाळेबंदीमुळे त्या उन्हाळ्यात तंबू लागलेच नव्हते, घड्या घालून खालच्या खोलीत होते. तेच बाहेर काढून आम्ही घरावर पसरले. कौलं मिळेपर्यंत अख्खा पावसाळा आम्ही पाहुण्यांच्या तंबूखाली झोपलो! एकाला अजून डांबराचा डाग आहे, तो तुम्हाला यंदा मिळाला असेल.

नवी रोपं लावलीत. पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते, तोवर घर तंबूंवरच चालायचं. मे महिन्यात याल तर दुपारी आत थांबू नका, कापड तापतं. ओटीवर पंखा आहे.