वाचकांचे प्रश्न : सेवा मुंबईत, ग्राहक सिंगापुरात

प्रश्न : पुण्यातील आमच्या लहान कंपनीची हिशेब जुळवणीची सेवा एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरांच्या समूहात) चालते. सिंगापूर रीजनमधील एका नव्या ग्राहकाच्या सुरक्षा विभागाने सार्वजनिक इंटरनेटवरून जोडणी घेण्यास साफ नकार दिला आहे. व्हीपीसी पीअरिंग (क्लाउडमधील दोघांची खासगी नेटवर्क, म्हणजे व्हीपीसी, थेट एकमेकांना जोडणे) करावे म्हटले, तर दोघांचीही नेटवर्क १०.०.०.०/१६ याच पत्त्यांची निघाली. सिंगापूरला सेवेची दुसरी प्रत उभारणे आम्हांला परवडणारे नाही. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पत्ते सारखे निघाल्यामुळे पीअरिंगचा पर्याय बाद झाला, हे माझ्या मते बरेच झाले. पीअरिंगमध्ये दोन नेटवर्क एकमेकांना खुली होतात आणि मग रूट टेबल (वाहतुकीच्या वाटांची यादी) व सिक्युरिटी ग्रुप (कोणाला आत सोडायचे याचे नियम) लावून काय झाकायचे ते ठरवत बसावे लागते. आपल्याला एका ग्राहकाला एकच सेवा द्यायची आहे आणि एडब्ल्यूएसची प्रायव्हेटलिंक ही सुविधा नेमके तेवढेच करते. ग्राहकाच्या व्हीपीसीत एक एंडपॉइंट, म्हणजे आपल्या सेवेकडे जाणारे दार, तयार होतो, त्याला ग्राहकाच्याच सबनेटमधील (नेटवर्कच्या उपविभागातील) खासगी आयपी पत्ता मिळतो आणि त्यावर आलेली जोडणी आपल्या नेटवर्क लोड बॅलन्सरपर्यंत (जोडण्या सर्व्हरमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेपर्यंत) पोहोचते. जोडणी सुरू करणे फक्त ग्राहकाच्या हाती असते. आपल्या बाजूने त्याच्या नेटवर्कमध्ये शिरता येत नाही, हा मुद्दा त्याच्या सुरक्षा विभागापुढे सर्वांत आधी मांडावा. पत्ते सारखे असण्याने येथे काहीच बिघडत नाही.

प्रायव्हेटलिंक २०१७ पासून उपलब्ध असले, तरी आपण उभारलेली सेवा आणि ग्राहकाचा एंडपॉइंट एकाच रीजनमध्ये असण्याची अट नोव्हेंबर २०२४ पर्यंत कायम होती. त्या काळात सिंगापूरला स्वतःची एक वेगळी व्हीपीसी घ्यायची, ती मुंबईच्या व्हीपीसीशी पीअर करायची आणि तिथल्या लोड बॅलन्सरमध्ये मुंबईच्या सर्व्हरचे आयपी हाताने भरायचे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. मुंबईत एखादा सर्व्हर बदलला, की तिकडची यादी शिळी होई. आता त्याची गरज उरलेली नाही.

मुंबईतील एंडपॉइंट सर्व्हिसच्या (प्रायव्हेटलिंकवर आपली सेवा खुली करणाऱ्या नोंदीच्या) मान्य रीजनच्या यादीत आपण सिंगापूर जोडावे, ग्राहकाच्या अकाउंटला परवानगी द्यावी आणि त्याची विनंती आली की ती स्वीकारावी. ग्राहकाने एंडपॉइंट तयार करताना सेवेचे रीजन म्हणून मुंबई निवडावे. येथे अनेकजण अडखळतात ते आयएएमच्या (कोणाला काय करता येईल हे ठरवणाऱ्या एडब्ल्यूएसच्या व्यवस्थेच्या) परवानगीपाशी. अन्य रीजनची जोडणी सुरू करण्यासाठी ‘अलाऊ मल्टी रीजन’ ही स्वतंत्र परवानगी लागते आणि मोजकेच अधिकार दिलेल्या भूमिकेत (रोलमध्ये) ती सहसा नसते. ग्राहकाला नेहमीच्या नावाने सेवा वापरायची असेल, तर खासगी डीएनएस नाव (आयपी पत्त्याऐवजी वापरायचे नाव) ठेवता येते; मात्र ते डोमेन आपलेच आहे हे डीएनएसमध्ये टीएक्सटी ही मजकुराची नोंद करून आधी सिद्ध करावे लागते. पुढे हैदराबादचा ग्राहक मिळाला, तर ते रीजन यादीत घालण्यापूर्वी आपल्या अकाउंटमध्ये ते मुद्दाम चालू करावे लागेल, हेही लक्षात ठेवावे.

मात्र रस्ता खासगी झाला म्हणून अंतर कमी होत नाही. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे आणि काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकलेली आहे असे मानले, तरी जाऊन येण्यास किमान ३९ मिलिसेकंद लागणार आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त. आपल्या सेवेचे एक पान उघडताना ग्राहकाकडून एकामागून एक वीस विनंत्या येत असतील, तर पाऊण सेकंदाहून अधिक वेळ नुसत्या प्रवासात जाईल. मुंबईत बसून चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. म्हणून करार करण्यापूर्वी सिंगापुरात एक लहान सर्व्हर तासाभरासाठी घेऊन त्यावरून मोजमाप करावे आणि शक्य तिथे अनेक विनंत्यांची एकच विनंती करावी.

बिघाडाच्या बाबतीत एक मर्यादा ग्राहकाला आधीच सांगावी. एक अव्हेलेबिलिटी झोन (रीजनमधील डेटा सेंटरांचा स्वतंत्र गट) बंद पडला, तर वाहतूक दुसऱ्या झोनकडे वळवली जाते. संपूर्ण मुंबई रीजन अडचणीत आले, तर ती आपोआप अन्य रीजनकडे वळत नाही. खर्चात एंडपॉइंटचे तासाचे भाडे आणि डेटाच्या प्रमाणात लागणारे शुल्क यांच्यावर रीजनबाहेरील वाहतुकीचे शुल्क चढते. चालू दरपत्रक पाहूनच भाव सांगावा. शिवाय ग्राहकाचा डेटा देशाबाहेर येणार आहे आणि सिंगापूरच्या २०१२ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात त्यासाठी अटी आहेत. खासगी जोडणीने त्या अटी सुटत नाहीत.

प्रश्न : आम्ही अशीच जोडणी घेतली आहे. सकाळी सर्व सुरळीत चालते, पण चहा घेऊन परत आलो की पहिली विनंती अडकते. दुसऱ्यांदा केली की चालते. दोष कुठे असावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुधा चहाला सहा मिनिटांहून अधिक वेळ लागत असावा. टीसीपी जोडणीवर ३५० सेकंद काहीही हालचाल झाली नाही, तर वाटेतील यंत्रणा ती विसरून जाते, पण आपल्या जोडण्यांचा पूल (पुन्हा वापरण्यासाठी उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) ती जिवंतच आहे असे समजून तीच पुन्हा वापरायला देतो. लोड बॅलन्सरची ही मुदत बदलता येते. मात्र मुदत बदललेल्या लोड बॅलन्सरवर अन्य रीजनची जोडणी चालत नाही, म्हणून तो मार्ग आपल्याला बंद आहे. लिनक्समध्ये कीपअलाइव्हचा (शांत जोडणी जिवंत ठेवण्यासाठी जाणारा) पहिला संदेश मुळात ७,२०० सेकंदांनी जातो. तो आकडा २०० वर आणावा आणि पुलातील रिकाम्या जोडण्या ३०० सेकंदांच्या आत बंद होतील असे पाहावे. आपल्या प्रोग्रामने त्या सॉकेटवर (प्रोग्रामकडील जोडणीच्या टोकावर) कीपअलाइव्ह चालूच केले नसेल, तर लिनक्समधील आकडा बदलूनही उपयोग होणार नाही, त्यामुळे तपासाची सुरुवात तिथून करावी.