शेवळं, टाकळा आणि आंबटाचा हात

प्रश्न : ताई, स्टेशनबाहेर बसणाऱ्या कातकरी बाईकडून हौसेने शेवळं आणली. कांदा-लसणाच्या फोडणीवर परतली, वाफ काढली. पहिल्याच घासाला सगळ्यांचे घसे खाजायला लागले. सासूबाई म्हणतात, ही भाजी पुन्हा घरात आणायची नाही. काय चुकलं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सासूबाईंना सांगा, अजून एक संधी द्या. वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे मिळते ही भाजी. पहिल्या पावसाच्या सुमारास सुरणाच्या जातीच्या रानकंदाला पान फुटायच्या आधी जो फुलोरा येतो, तेच शेवळं. सुरण आणि अळूत असतात तसे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यातही असतात. ते टोचतात, म्हणून घसा खाजतो. तुमच्या पत्रात आंबटाचा कुठेच उल्लेख नाही, आणि माझ्या मते घोळ तिथेच झाला.

शेवळांच्या शेजारी त्या बाईकडे हिरवी, बोरासारखी लहान फळं असतात. ती काकडं. जुडीबरोबर त्यांचा वाटा घ्यायचाच.

आता निवडणं. हाताला तेल लावून बसा. वरचं आवरण सोललं की आत दांडा दिसतो आणि त्यावर एका जागी पिवळा, दाणेदार भाग असतो. तो निपटून कापून टाका, जरासुद्धा ठेवायचा नाही. उरलेलं बारीक चिरून सढळ तेलात परता, चांगलं आळेपर्यंत. काकडं ठेचून बिया काढा, गर वाटून पाण्यात कालवा आणि गाळून घ्या. त्या रसात शेवळं झाकून मऊ शिजवा. इथे घाई नको. काकडं मिळाली नाहीत तर चिंचेचा कोळ घाला, नेहमीच्या आमटीपेक्षा जास्त. शिजल्यावर कणभर जिभेवर ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. चुणचुणलं, तर आणखी आंबट आणि आणखी शिजवणं. मगच कांदा, आलं-लसूण, मसाला, आणि शेवटी नारळाचं दूध.

आमच्या पेणकडे यात सोललेले कडवे वाल घालतात. सामिष चालत असेल तर सोडे किंवा कोळंबी. मला विचाराल तर वालच. शेवळांचा मांसल स्वाद वालाच्या किंचित कडवटपणात जसा खुलतो तसा कशातच नाही.

प्रश्न : टाकळ्याची भाजी उग्र आणि चरबट झाली. गूळ घालूनही सुधारली नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जून पाला मिळाला असणार. पाऊस सुरू झाल्यावर वीतभर वाढलेला कोवळा टाकळाच घ्या. पिवळी फुलं आली की तो भाजीतून गेला. देठ काढून फक्त पानं घ्या. लसूण-सुक्या मिरचीची फोडणी, भरपूर कांदा, भिजवलेली मूगडाळ, वरून ओलं खोबरं. उन्हाळ्यात फणसाच्या आठळ्या जपून ठेवल्या असतील तर उकडून, ठेचून घाला.

एक मात्र कळकळीने सांगते. रानभाजी ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या. मोबाइलवरचा फोटो बघून माळावरचा पाला खुडू नका. आणि विकणाऱ्या बाईंशी घासाघीस तर अजिबात करू नका. पहाटे रानात जाऊन, पावसात भिजत त्या हे वेचून आणतात. उलट त्यांनाच विचारा, ‘मावशी, तुम्ही ही कशी करता?’ मी पुष्कळ भाज्या अशाच शिकले.

प्रश्न : लेक ऑगस्टमध्ये परदेशातून येणार आहे. तिच्यासाठी शेवळं टिकवता येतील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : येतील. वर सांगितल्याप्रमाणे आंबट रसात पूर्ण शिजवा, पाणी आटवा, गार करून एका वेळेला लागेल एवढ्याच लहान डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. कांदा, मसाला, नारळ आत्ता घालू नका, ते ती आल्यावर ताजं. डबा एकदा काढला की संपवायचा, परत गोठवायचा नाही.